पाणी न आलेलं गाव

आधी रस्ता ठरला, देश नंतर.

नवरा बांधकाम खात्यातून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. ३१ वर्षं त्याने रस्ते बांधले, खड्डे बुजवले, पावसाळ्यात रात्री-अपरात्री उठून घाटातल्या दरडी उपसून घेतल्या. पण एकही रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत, घाई न करता, स्वतः गाडी चालवत पाहिला नाही. आपल्या हद्दीतले चाळीस-पन्नास किलोमीटर तेवढे तोंडपाठ, पुढे दुसऱ्याची हद्द. म्हणून निवृत्तीनंतर त्याच्या मनात एवढंच होतं, एक अख्खा रस्ता पाहायचा. पहिल्या किलोमीटरच्या दगडापासून शेवटच्या दगडापर्यंत. देश कुठलाही चालेल, रस्ता जुना हवा.

तो रस्ता त्याला स्पेनमध्ये सापडला. एन-६३०. उत्तरेला समुद्राकाठच्या हिहोन गावापासून निघतो आणि पार दक्षिणेला सेव्हियापर्यंत जातो. ८०० किलोमीटरहून थोडा जास्त. आमच्या ओळखीतले जे स्पेनला जाऊन आले ते माद्रिद आणि बार्सिलोना करून आले. हा रस्ता त्या दोन्हींपासून दूर, देशाच्या पश्चिम अंगाने, पोर्तुगालच्या सरहद्दीला साधारण समांतर उतरतो. वाटेत लेऑन, सामोरा, सालामांका, कासेरेस, मेरिदा ही जुनी शहरं आणि त्यांच्या मधे मैलोन् मैल माळ, ओकची झाडं, मेंढ्या. त्याला लगटूनच आता ए-६६ हा मोठा महामार्ग झाला आहे. त्याचा शेवटचा राहिलेला तुकडा, बेनाव्हेन्ते ते सामोरा, २०१५ साली खुला झाला आणि लांब पल्ल्याची वाहतूक तिकडे गेली. २००२ मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाल्यावर जुन्या मुंबई-पुणे रस्त्याचं जे झालं तेच. उपग्रहाच्या चित्रात दोन्ही रस्ते शेजारी शेजारी दिसतात. एक सरळ रेघ, आणि तिच्याभोवती घुटमळणारी, नदी आली की वळणारी, गाव आलं की गावातून जाणारी दुसरी. नवरा त्या दुसरीवर बोट फिरवत म्हणाला, "हा ज्याने आखला तो पायी चालला असणार."

ते खरंच होतं. या वाटेचं जुनं नाव 'व्हिया दे ला प्लाता'. प्लाता म्हणजे स्पॅनिशमध्ये चांदी. पण इथून चांदीची वाहतूक झाली म्हणून हे नाव पडलं असं नाही. बरेच अभ्यासक ते अरबी 'बलात' या शब्दाशी जोडतात, म्हणजे फरसबंदी वाट. अरब आले तेव्हा रोमनांनी बांधलेली फरसबंदी अजून जाग्यावर होती. मागून आलेल्यांना 'बलात' हा शब्द आपल्या 'प्लाता'सारखा ऐकू आला आणि रस्ता चांदीचा झाला. दर रोमन मैलाला, म्हणजे आपल्या सुमारे १,४८० मीटरला, एक दगडी खांब असायचा. त्यातले काही अजून उभे आहेत. ज्याचं आयुष्य मैलाच्या दगडांना पांढरा-पिवळा रंग देऊन घेण्यात गेलं, त्याला आणखी काय दाखवायचं?

मला मात्र रस्ता दिसत नव्हता. मला मुक्काम दिसत होते. शेंगेन व्हिसाच्या अर्जाला रोजचा मुक्काम दाखवावा लागतो, ३०,००० युरोचा विमा लागतो. ती कागदपत्रं माझ्याकडे होती. सालामांका आणि प्लासेन्सियाच्या मधे एखादी रात्र काढायला छोटं गाव शोधत होते, तेव्हा ग्रानादिया हे नाव समोर आलं. मुख्य रस्त्यापासून थोडं आत, पाण्यात शिरलेल्या जमिनीच्या जिभेवर, तटबंदीच्या आतलं गाव. वेशीशी १५व्या शतकातला किल्ला. आत मधोमध चौक, पिवळ्या-लाल रंगांची घरं. मुक्काम करता येत नाही असं दिसलं. का, म्हणून वाचायला लागले.

त्या भागात आलागोन नदीवर गाब्रिएल इ गालान नावाचं धरण बांधायचं ठरलं. १९५५ साली, हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत, गाव बुडित क्षेत्रात जाणार म्हणून जाहीर झालं. शेतं पाण्याखाली गेली. माणसं एकेक घर करत निघाली, १९६४च्या सुमारास शेवटची कुटुंबं गेली. आणि पाणी चढता चढता तटाच्या खालीच थांबलं. तीन बाजूंनी वेढा पडला, पण गावात शिरलं नाही. घरं कोरडीच राहिली. तरी परत कुणाला येऊ दिलं नाही.

मी खुर्चीवरून उठून आतल्या खोलीत गेले. आई जागीच होती.

इथे आईबद्दल सांगायला हवं. तिचं माहेर कोयनेच्या खोऱ्यातलं. आता त्यावर कोयना धरणाचा शिवसागर जलाशय आहे. ती सोळा वर्षांची असताना घर सोडून निघाले, तेही त्याच सुमाराला, साठच्या दशकाच्या सुरुवातीला. खोऱ्यातली गावं विस्कटली. कुणाला सोलापूरकडे जमीन मिळाली, कुणाला सांगलीत, कुणाला घाट उतरून रायगड-ठाण्याला. एका आळीत वाढलेल्या मैत्रिणी पुढे चार जिल्ह्यांत गेल्या आणि लग्नकार्यातच भेटायच्या. मी नववीत असताना एका मे महिन्यात मामा आम्हाला बामणोलीहून लाँचने घेऊन गेला होता. पाणी बरंच खाली गेलं होतं. भेगाळलेल्या गाळावरून आई पुढे, आम्ही मागे. कुठलीच खूण नाही, झाड नाही, आणि ती मात्र ठरल्यासारखी चालत होती. एका जागी थांबली, वाकली आणि हाताने गाळ काढायला लागली. खाली दगडी फरशी होती आणि फरशीत बसवलेलं उखळ. तोंडापर्यंत गाळाने भरलेलं. तिने ओंजळीओंजळीने ते रिकामं केलं. मनगटापर्यंत हात आत गेला तेव्हा ती तळाशी बोटं फिरवत म्हणाली, "हितं चिरलंय. माज्या आज्जीच्या येळचं हाय ते." काळजी घेऊन, जणू कुणाला लागेल, अशी ती त्या चिरेवरून बोट फिरवत होती. परतताना लाँचमध्ये ती एक शब्द बोलली नाही. नखांतला गाळ तिने घरी आल्यावरही दोन दिवस काढला नव्हता.

तर त्या रात्री मी तिला ग्रानादियाचे फोटो दाखवले आणि हकिगत सांगितली. तिने मोबाईल डोळ्यांजवळ धरला.

"पाणी आलंच न्हाई म्हनतीस?"

"नाही आलं गावात."

"मग मान्सं का काढली?"

मला उत्तर देता आलं नाही. थोड्या वेळाने तिने विचारलं, "घरं हाइत अजून?" मी म्हटलं, बरीचशी आहेत. काही पडली, काही दुरुस्त केली. १९८४पासून स्पेनमध्ये अशा सोडून दिलेल्या गावांसाठी एक सरकारी उपक्रम आहे. देशभरातल्या शाळा-कॉलेजांतली मुलं काही दिवस येऊन राहतात, भिंती लिंपतात, बागा करतात, जुनी कामं शिकतात. दिवसा गाव पाहायला खुलं असतं आणि ठरल्या वेळी वेस बंद होते. आईने सगळं ऐकून घेतलं आणि फोटोतल्या एका दारावर बोट ठेवून म्हणाली, "कडी भाएरनं हाय." ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

त्या रात्रीनंतर प्रवासाची आखणी हिहोनपासून सुरू न होता ग्रानादियापासून सुरू झाली. मधला एक दिवस पक्का करायचा आणि तिथून दोन्ही दिशांना दिवस मोजत जायचे. नवऱ्याने काही न बोलता त्याच्या तक्त्यातल्या तारखा खोडल्या आणि मधोमध एक रकाना काढला.

पहिला प्रश्न ऋतूचा. उन्हाळ्यात एक्स्त्रेमादुरा प्रांतात पारा ४० च्या वर जातो, ते दिवस बाद. मार्चअखेर आणि एप्रिलच्या सुरुवातीला प्लासेन्सियाजवळच्या खेर्ते खोऱ्यात चेरीची झाडं फुलतात, डोंगरउतार पांढरे होतात. सगळे तेव्हाच जा म्हणतात. मी शरद धरला, ऑक्टोबरचा शेवट आणि नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा. कारण त्या दिवसांत तो सगळा मुलूख कामात असतो. ला व्हेराच्या खोऱ्यात लाल मिरची ओकच्या लाकडाच्या धुरावर वाळत घातलेली असते. मिरची अमेरिकेतून आधी स्पेन-पोर्तुगालला आली आणि पोर्तुगीजांच्या जहाजांतून आपल्या किनाऱ्याला लागली. आपण तिला उन्हात वाळवलं. तिथे शरदात पाऊस लागतो म्हणून त्यांनी धुराचा आसरा घेतला. एकाच बीची दोन सासरं. उत्तर युरोपातून क्रौंचांचे थवे याच दिवसांत ओकची फळं वेचायला उतरतात.

आणि मेंढ्या उतरतात. लेऑनच्या डोंगरांत उन्हाळा काढलेले कळप थंडी सुरू झाली की एक्स्त्रेमादुराच्या कुरणांकडे येतात. आता बहुतेक ट्रकमधून, पण थोडे मेंढपाळ अजून पायी. त्यांच्या वाटांना 'कान्यादा' म्हणतात. मोठ्या कान्यादेची रुंदी ९० 'वारा' (लांबीचं जुनं स्पॅनिश माप), म्हणजे सुमारे ७५ मीटर. १२७३ साली राजा दहावा अल्फोन्सो याने मेंढपाळांच्या 'मेस्ता' या संघाला सनद दिली. कळप जाताना दोन्ही बाजूंना चरत जाणार, म्हणून वाट एवढी रुंद, आणि तिच्यावर नांगर घालायचा नाही. १९९५च्या कायद्याने या वाटा आजही सार्वजनिक मालकीच्या आहेत, विकता येत नाहीत. माण-खटावचे धनगर दिवाळीच्या सुमाराला घाट उतरून कोकणात जातात तेव्हा खंबाटकीच्या अलीकडे मी त्यांना महामार्गाच्या कडेने, ट्रकच्या वाऱ्यात, मेंढ्या सावरत जाताना पाहिलं आहे. लहान कोकरं घोड्यावरच्या झोळीत. त्यांच्या वाटेला ७५ मीटर तर सोडाच, ७५ इंच कुणी राखून ठेवले नाहीत. याचं मला फार वाईट वाटतं आणि ते इथे लिहून ठेवते.

दिवाळी मात्र या प्रवासात जाणार होती. लग्नानंतर एकदाही घराबाहेर दिवाळी केलेली नाही. आईला विचारलं तर म्हणाली, "दिवाळी दर सालाला येती. जा तुमी." ती तेवढे दिवस भावाकडे राहील.

आता आराखडा असा झाला आहे. हिहोनहून निघून पहिल्या दिवशी पाखारेसचा घाट. उंची १,३७८ मीटर, काही ठिकाणी १७ टक्के चढ. ए-६६ हा डोंगर दुसरीकडून, पथकर घेऊन पार करतो. नवऱ्याला याच चढासाठी जायचं आहे, आपल्या घाटांत एवढा चढ ठेवत नाहीत म्हणतो. लेऑनला दोन रात्री, कारण तिथल्या कॅथेड्रलच्या रंगीत काचा सकाळी आणि संध्याकाळी अशा दोन वेळा पाहायच्या आहेत. सामोरा, मग १२१८ सालच्या विद्यापीठाचं सालामांका. तिथला दगडच सोनेरी, जवळच्या व्हियामायोरचा. खाणीतून काढला की मऊ असतो आणि हवा लागून कठीण होतो, म्हणून त्यावर एवढं बारीक कोरीवकाम झालं. रोज शंभर-दीडशे किलोमीटरपेक्षा जास्त नाही. या रस्त्यावर वेगमर्यादा ताशी ९०, गावातून ५०, आणि गावातल्याच ज्या रस्त्यांना दोन्ही दिशांना एकेकच लेन असेल त्यांवर ३०. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना आरटीओतून वर्षभराचा मिळतो, तो काढायचा आहे. गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायची, गिअर उजव्या हाताला. गोल चौकात आधीपासून आत असलेल्या गाडीचा पहिला हक्क, आणि ती डावीकडून येणार. पेट्रोलची टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ द्यायची नाही, कारण त्या भागात गावं विरळ आहेत आणि जी आहेत त्यांतही माणसं थोडी. पन्नास ते सत्तरच्या दशकांत तिथली माणसं कामधंद्यासाठी माद्रिद, बार्सिलोनाला गेली ती गेलीच. 'रिकामा केलेला स्पेन' असा शब्दच त्यांच्याकडे रूढ झाला आहे. रिकामा झालेला नव्हे, केलेला. आपल्या खोऱ्यांतली मुंबईला लागलेली घरं आठवली की हा फरक मला नीट कळतो.

जेवणाचं आईने दहादा विचारलं. आमच्या घरात माळ आहे. मला अंडं चालतं, म्हणून बटाट्याचं जाड ऑम्लेट, तोर्तिया, हा मोठा आधार. पण खेड्यातल्या खाणावळीत नुसतं 'मांस नको' म्हणून भागत नाही, हॅमचे तुकडे भाजीतही येतात. त्यासाठी एक वाक्य मी पाठ केलं आहे आणि मोठ्या अक्षरात लिहूनही घेतलं आहे. दुपारचं जेवण दोननंतर, रात्रीचं नऊनंतर, मधे दुकानं बंद. म्हणून डबा बरोबर ठेवायचा, मेतकूट आणि दशम्या पहिल्या काही दिवसांपुरत्या. कासेरेसजवळच्या कासार गावचं 'तोर्ता देल कासार' हे चीज मात्र मला खायचंच आहे. मेंढीचं दूध, आणि ते वासराच्या जठरातल्या रेनेटने न विरजता एका काटेरी रानफुलाच्या तुऱ्यांनी विरजतात. वरचं टोपण कापायचं आणि आतलं मऊसूत पावाला लावून खायचं.

कासेरेसच्या अलीकडे मोनफ्राग्वे राष्ट्रीय उद्यान. कड्यावर गिधाडांच्या वसाहती आहेत. वडील सांगायचे, त्यांच्या लहानपणी मेलेल्या गुरावर गिधाडं एवढी उतरायची की खालचं जनावर दिसायचं नाही. मी शेवटचं गिधाड कधी पाहिलं ते आठवत नाही. जनावरांना टोचलेल्या डायक्लोफिनॅकने ती मेली हे कळल्यावर २००६ साली आपल्याकडे गुरांसाठी त्यावर बंदी आली. आणि त्याच स्पेनने २०१३ साली ते औषध गुरांसाठी चालू केलं. ज्या देशात युरोपातली सर्वांत जास्त गिधाडं आहेत त्या देशाने. आमचं बघून तरी शहाणं व्हायला हवं होतं.

त्या भागातली ओकची कुरणं, ज्यांना 'देएसा' म्हणतात, मी रस्त्यावरच्या चित्रांतून तासन् तास पाहिली आहेत. झाडं एकमेकांपासून अंतर राखून, खाली गवत, गवतात काळी डुकरं किंवा मेंढ्या. बुचाचे ओक लगेच ओळखू येतात. खोड खालून कमरेपर्यंत, कधी डोक्यापर्यंत सोललेलं, तांबडं-किरमिजी. दर नऊ वर्षांनी साल काढतात, त्याआधी नाही. विसरू नये म्हणून सोललेल्या खोडावर रंगाने आकडा लिहितात, वर्षाचा शेवटचा अंक. २०२४ साली सोलला तर ४. आपल्याकडे झाडाची सालही साल आणि वर्षही साल, तिथे दोन्ही एकाच खोडावर. एका चित्रात ८ लिहिलेलं झाड होतं, अंकाच्या खाली ओघळ आलेला. म्हणजे २०२७ पर्यंत त्याला कुणी हात लावणार नाही.

मेरिदाला रोमन पूल आहे, ६० कमानींचा, जवळजवळ ७९० मीटर लांब. गेल्या शतकाच्या नव्वदीपर्यंत त्यावरून मोटारी जात होत्या. नवऱ्याने तिथे एक अख्खी दुपार मागून घेतली आहे, चालत जाऊन चालत यायला.

राहिला ग्रानादियाचा दिवस. गावातून निघालेली माणसं आणि त्यांची मुलं वर्षातून दोनदा तिथे परत जमतात, १५ ऑगस्टला आणि १ नोव्हेंबरला. १ नोव्हेंबर हा त्यांचा सर्व संतांचा दिवस. घरोघरची माणसं दफनभूमीत जाऊन थडगी धुतात, शेवंतीची फुलं ठेवतात. त्यांची सर्वपित्रीच म्हणायची. मी उत्साहाने तीच तारीख धरली होती. त्यांच्याशी बोलता येईल, दोन शब्द स्पॅनिश शिकले आहे, सांगेन की माझी आईही अशीच निघाली. आठवडाभर मी याच विचारात होते.

मग तो मे महिना आठवला. आई उखळातला गाळ काढत होती तेव्हा थोड्या अंतरावर एक दुसरी लाँच लागली होती, फिरायला आलेली. त्यातले दोघं जवळ येऊन उभे राहिले होते. वाईट माणसं नव्हती. एकाने पाणीही विचारलं. पण आईने हात काढून घेतला होता आणि ते जाईपर्यंत ती पदराने हात पुसत राहिली.

मी १ तारीख खोडली. त्या दिवशी आम्ही सालामांकातच राहू. ग्रानादियाला ३ नोव्हेंबरला जाऊ, सकाळी वेस उघडल्यावर. थडग्यांवरची शेवंती तोवर सुकलेली नसेल.

हे आईला सांगितलं तेव्हा ती "बरं केलंस" एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवशी चहा घेताना मात्र स्वतःहून विषय काढला. "तितनं फोन लाव. चित्राचा. दारात हुबी ऱ्हा आन् आत काय दिसतंय ते मला दाव. चूल हाय का बग."

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं एक तास मागे जातात, त्यामुळे ३ तारखेला ते आपल्या साडेचार तास मागे असतील. आईची दुपारची झोप तीनला संपते आणि संध्याकाळी हरिपाठ असतो. नवऱ्याने तक्त्यातल्या मधल्या रकान्यात लिहिलं आहे: ग्रानादिया, सकाळी साडेदहा, आईंना फोन. भारतात दुपारचे तीन.